सोयाबीनच्या पेरणी यंत्राने हरभरा पेरताना नेमके काय काय बदलावे?

वापसा

नमस्कार मंडळी. वाशिम जिल्ह्यातील आमच्या भागात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हाच क्रम चालत आला आहे. माझ्याकडे सात फणांचे ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र असून त्यात बियाणे खाचांच्या रोलरमधून पडते. दोन फणांतील अंतर १८ इंच, म्हणजे ४५ सेंमी ठेवलेले आहे आणि सोयाबीनसाठी ते यंत्र उत्तम बसले आहे. हरभरा आजवर भाड्याच्या यंत्राने पेरून घेत होतो. या हंगामात तो स्वतःच्याच यंत्राने पेरायचे ठरवले आहे. तीन एकरांत ‘विजय’ आणि एका एकरात ‘कृपा’ हा टपोऱ्या दाण्याचा काबुली वाण घ्यायचा आहे.

गावात विचारले तर बहुतेकांचे म्हणणे असे की रोलरचा लिव्हर, म्हणजे बियाण्याचे प्रमाण कमी-जास्त करणारा दांडा, दोन घरे सरकवला की काम झाले. मला ते पटत नाही. हरभऱ्याचा दाणा वेगळा, ओळींतील अंतर वेगळे, पेरणीची खोली वेगळी आणि जमिनीतील ओलही वेगळी असताना एकच लिव्हर एवढ्या सगळ्याचे उत्तर कसे असेल? ज्यांनी एका पिकाचे यंत्र दुसऱ्या पिकासाठी बसवून घेतले आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

कोरडवाहू

तुमची शंका रास्त आहे. आमच्याकडे लिव्हर सोयाबीनच्याच घरावर ठेवून हरभरा पेरणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांचा हरभरा हमखास दाट होतो. दाट हरभरा नुसता वाढत राहतो, खालच्या घाट्यांना हवा-ऊन मिळत नाही आणि मर रोग आला की शेजारच्या झाडांनाही धरतो. बियाण्याचा खर्च वाढतो तो वेगळाच.

मापाडी

या विषयात आकडे मांडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सोयाबीनची शिफारस हेक्टरी ७५ किलो, अंतर ४५ बाय ५ सेंमी. ‘विजय’ची शिफारस हेक्टरी ६५ ते ७० किलो, अंतर ३० बाय १० सेंमी. हे आकडे पाहून माणसाला वाटते की दोन्ही प्रमाणे जवळपास सारखीच आहेत, तेव्हा लिव्हर हलवायची गरजच काय? घोटाळा इथेच होतो. रोलरला हेक्टर कळत नाही. चाक फिरेल तेवढे बियाणे एका नळीतून सोडणे एवढेच त्याचे काम. म्हणून हिशेब दर नळीचा, दर मीटरचा करावा लागतो.

पंचवीस मीटर लांबीचे एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, धरा. सोयाबीनच्या ४५ सेंमी अंतराने त्या तासाच्या वाट्याला ११.२५ चौरस मीटर जमीन येते, म्हणून हेक्टरी ७५ किलोच्या प्रमाणाने त्या नळीतून ८४ ग्रॅम बियाणे पडले पाहिजे. आता फण ३० सेंमीवर आणले की त्याच तासाला ७.५ चौरस मीटर जमीन उरते आणि हेक्टरी ७० किलोच्या प्रमाणाने नळीतून फक्त ५२ ते ५३ ग्रॅम पडायला हवेत. लिव्हर जागेवर ठेवून नुसते फण जवळ आणले तर हेक्टरी ११२ किलोच्या आसपास बियाणे जाते. कोरडवाहू यांनी लिहिलेल्या दाटीचे कारण हेच असावे.

‘कृपा’चा हिशेब उलटा आहे. त्याच्या १०० दाण्यांचे वजन ५९ ग्रॅमच्या आसपास असते, तर ‘विजय’चे २० ग्रॅमच्या आसपास. काबुलीला ४५ बाय १० सेंमी अंतर ठेवले तर पंचवीस मीटरच्या तासात २५० दाणे, म्हणजे जवळजवळ १४७ ग्रॅम बियाणे लागते आणि हेक्टरी प्रमाण १३० किलोपर्यंत जाते. एकाच शेतकऱ्याच्या दोन हरभऱ्यांना एकाच यंत्रातून जवळपास तिप्पट फरकाने बियाणे सोडायचे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

रानवाट

मापाडी साहेब, फार मोलाचे लिहिलेत. म्हणजे विद्यापीठांच्या शिफारशीत वाणागणिक वेगवेगळे किलो असतात ते दाण्याच्या वजनामुळेच ना? हेक्टरी झाडे किती हवीत ते आधी ठरते आणि किलो त्यामागून येतात?

मापाडी

अगदी तसेच. ३० बाय १० सेंमीला हेक्टरी ३ लाख ३३ हजार झाडे बसतात. त्याला ‘विजय’च्या २० ग्रॅमने गुणा, ६६ ते ६७ किलो येतात. ‘विशाल’सारख्या २८ ग्रॅमच्या वाणाने गुणा, ९३ किलो येतात, म्हणूनच टपोऱ्या देशी वाणांना १०० किलोची शिफारस असते. पिशवीवरचा आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्या हातातील बियाण्याचे १०० दाणे सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेले केव्हाही चांगले, कारण एकाच वाणाचा दाणा वर्षागणिक लहानमोठा होतो.

दर्यापूरकर

हिशेब मान्य, परंतु फण ३० सेंमीवर आणण्याचा आग्रह मला मान्य नाही. आमच्याकडे हरभरा ४५ सेंमीवरच पेरतात. त्यात डवरणी, म्हणजे डवऱ्याने ओळींमधील तण काढणे, करता येते, फवारणीला माणूस झाडे न तुडवता चालतो आणि यंत्राचे फण हलवण्याची कटकट उरत नाही. दोन दाण्यांतील अंतर १० सेंमीऐवजी ७ सेंमी ठेवले की झाडांची संख्या हेक्टरी ३ लाख १७ हजारांवर जाते, म्हणजे शिफारशीपेक्षा फारशी कमी नाही. मजूर मिळत नसताना डवरा चालणे ही लहान गोष्ट नव्हे.

कोरडवाहू

दर्यापूरकर, भारी जमिनीत आणि ओलिताखाली आपले म्हणणे बरोबर ठरेल. माझी जमीन मध्यम आहे, पाणी नाही. तिथे हरभऱ्याची झाडे पसरट होत नाहीत आणि ४५ सेंमीच्या ओळी शेवटपर्यंत मिळत नाहीत. उघड्या पट्ट्यातून ओल उडून जाते. ३० सेंमीला जमीन लवकर झाकते. शिवाय ओळीत ७ सेंमीवर झाडे आली की त्यांची ओलीसाठी आपसातच ओढाताण होते. एकूण संख्या सारखी असली तरी झाडांची मांडणी सारखी राहत नाही.

दर्यापूरकर

कोरडवाहू जमिनीसाठी आपला मुद्दा मान्य करतो. माझे लिहिणे तुषार सिंचनाखालील भारी काळ्या जमिनीपुरते समजावे.

तिफणकाठी

या चर्चेत जुन्या अवजारांची आठवण ठेवावीशी वाटते. आपल्याकडे एका पिकाचे अवजार दुसऱ्या पिकाला बसवणे नवीन नाही. घरात तिफणी, म्हणजे बैलांनी ओढायची तीन फणांची पेरणीची अवजारे, एकाहून अधिक असत, कारण फणांतील अंतर कायमचे ठरलेले असे: ज्वारीची वेगळी, गव्हाची वेगळी. बियाण्याचे प्रमाण मात्र चाड्यावरच्या, म्हणजे नळ्यांवरील बियाणे सोडायच्या वाटीवरच्या, मुठीत होते. तूर इरवाड, म्हणजे मुख्य पिकात मिश्र ओळीने, घ्यायची असेल तर एका नळ्याचे भोक चिंधीने बुजवत आणि मागून सरत्याने, म्हणजे मागे ओढत नेलेल्या सुट्या नळीने, तूर सोडत. चाड्यावर बहुधा घरची बाई असे. बाजरी सोडणारी मूठ आणि हरभरा सोडणारी मूठ यांतला फरक तिच्या बोटांना ठाऊक असे.

इंग्रज अधिकारी कॅप्टन थॉमस हालकॉट यांनी १७९५ मध्ये दक्षिण भारतातील अशा नळ्यांच्या पाभरीची माहिती मुद्दाम कळवली होती, कारण ओळीने पेरणारे अवजार ही आधुनिक युरोपातलीच कल्पना आहे असा त्यांचा आधी समज होता. आज मूठ गेली आणि तिच्या जागी रोलर आला. रोलरला समज नाही म्हणून ती समज आपल्याला मापून द्यावी लागते, एवढाच फरक मला दिसतो.

मृद्गंधा

तिफणकाठी काका, चाड्यावरच्या बाईचा उल्लेख केल्याबद्दल आभार. आमच्या आजी चाड्यावर असत. पेरणीच्या काळात गावातील इतर घरांतूनही त्यांना बोलावणे येई, आणि ते मजुरीचे काम न मानता मानाचे मानले जाई.

मूळ प्रश्नाबद्दल लिहायचे तर खोलीचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही. सोयाबीनची डाळिंबे, म्हणजे बियाण्याची दोन दले, उगवताना जमिनीच्या वर येतात. दाणा खोल पडला किंवा वर पापडी धरली की कोंब तिथेच मोडतो, म्हणून सोयाबीन ३ ते ५ सेंमीच्या पलीकडे नेत नाहीत. हरभऱ्याची दले जमिनीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. त्यामुळे तो अधिक खोलीवरून निघू शकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस वरचा थर सुकलेला असतो आणि ओल खाली गेलेली असते. कोरडवाहूत दाणा ओलीला टेकवण्यासाठी ८ ते १० सेंमीपर्यंतही जावे लागते. सोयाबीनच्या खोलीवर फण ठेवून हरभरा पेरला की उगवण तुटक होते आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. खोलीच्या चाकांचे बोल्ट वर घ्या आणि पहिल्या तासातच माती उकरून पाहा.

लेथमास्तर

माझे अवजार दुरुस्तीचे काम आहे. अशी यंत्रे दर हंगामात समोर येतात, म्हणून लोखंडाच्या बाजूने काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट नळ्यांची. फण ४५ वरून ३० सेंमीवर आणले तरी बियाण्याच्या पेटीची तोंडे जिथल्या तिथे राहतात. सात फणांच्या यंत्रात मधला फण हलत नाही, परंतु अगदी कडेचे दोन फण प्रत्येकी ४५ सेंमी आत येतात. नळी तेवढी तिरपी होते, तिला मध्ये झोल पडतो आणि झोलात बियाणे साचून ठरावीक वेळाने गठ्ठ्याने पडते. शेतात ते तुटक-दाट तास म्हणून दिसते. जुनी नळी तशीच वाकवू नका. आतून गुळगुळीत, पारदर्शक नळी योग्य लांबीला कापून ताणून बसवा, म्हणजे चालता चालता बियाणे पडताना दिसते आणि एखादी नळी तुंबली तर लगेच कळते.

दुसरी गोष्ट धसकटांची. सोयाबीन कापल्यावर धसकटे आणि भुसा रानात असतो. एकाच आडव्या पट्टीवर ३० सेंमीने सात फण बसवले की ते दाताळ्यासारखे भुसा ओढत नेतात. यंत्राला पुढची व मागची अशा दोन पट्ट्या असतील तर फण एकाआड एक मागे-पुढे बसवा. प्रत्येक पट्टीवर ६० सेंमीची मोकळी जागा मिळते. एकच पट्टी असेल तर आधी वखराची पाळी देऊन धसकटे वेचून घेण्याला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट काबुलीची. सोयाबीनच्या रोलरच्या खाचा त्या दाण्याच्या मापाच्या असतात. ‘कृपा’चा दाणा त्यात पूर्ण बसत नाही, अर्धा वर राहतो आणि रोलर व कवच यांच्यामध्ये चेपला जातो. लिव्हर कितीही उघडला तरी खाचेची खोली वाढत नाही. त्यासाठी मोठ्या खाचांचे रोलर बसवावे लागतात किंवा फिरत्या तबकडीच्या खाचांतून एकेक दाणा टाकणारे टोकण यंत्र वापरावे लागते.

रानवाट

तबकडीच्या यंत्रात तर सगळेच सोपे होत असेल. तबकडी बदलली की पीक बदलले.

लेथमास्तर

सोपे होते, परंतु तिथेही हिशेब आहेच. समजा सोयाबीनची तबकडी २४ खाचांची आहे आणि दाणे ६ सेंमीवर पडतात. म्हणजे तबकडीच्या एका फेऱ्यात यंत्र १४४ सेंमी पुढे जाते. हरभऱ्याला १० सेंमी हवे असतील तर १४ खाचांची तबकडी लागेल, आणि मक्याला २० सेंमी हवे असतील तर ७ खाचांची. खाचा न बदलता चेनचे दातेरी चाक बदलूनही अंतर बदलता येते. दाण्याचे माप मात्र दातेरी चाकाने बदलत नाही. खाच सर्वांत मोठ्या दाण्याहून साधारण दहा टक्के मोठी आणि तबकडीची जाडी एका दाण्याएवढी असावी. खाच लहान असेल तर घर रिकामे जाते, मोठी असेल तर दोन दाणे बसतात.

काही जण एकाआड एक खाच चिकट मसाल्याने बुजवतात. २४ ची तबकडी १२ ची होते, अंतर १२ सेंमी येते आणि काम भागते. पण खाचेचे माप सोयाबीनचेच राहते. ‘विजय’ला चालेल, काबुलीला नाही. कोरी तबकडी घेऊन आपल्या दाण्याच्या मापाने खाचा पाडून घेणे जास्त चांगले.

कोरडवाहू

तबकडीच्या यंत्रात वेग सांभाळावा लागतो हेही लिहायला हवे. ताशी ३ ते ४ किलोमीटरच्या पुढे ट्रॅक्टर नेला की खाचा भरायच्या आतच पुढे जातात. भाड्याने पेरणाऱ्यांना एकरावर पैसे मिळतात, त्यांना घाई असते. स्वतःचे यंत्र असण्याचा हा मोठा फायदा आहे.

शेंगदाणा

थोडे विषयांतर होते आहे, पण विचारतो. उन्हाळ्यात भुईमूग आणि खरिपात थोडा तीळ असतो. हीच सात फणी त्यांना चालेल का?

लेथमास्तर

भुईमूग खाचांच्या रोलरमधून सोडू नका. त्याचे लाल टरफल सोलले जाते, दल सुटते आणि तो दाणा उगवत नाही. त्याला तबकडीच हवी. तिळाचे प्रमाण हेक्टरी अडीच-तीन किलो एवढे थोडे असते की लिव्हर अगदी मिटवला तरी रोलरमधून जास्तच जाते. बियाण्यात काहीतरी मिसळून आकारमान वाढवावे लागते. पुष्कळ जण वाळू मिसळतात. वाळूने रोलर आणि कवच झिजतात व पुढच्या हंगामात प्रत्येक नळी वेगवेगळे प्रमाण सोडू लागते. बारीक चाळलेले, कोरडे शेणखत मिसळावे.

मृद्गंधा

बीजप्रक्रियेबद्दल एक सूचना. रायझोबियम हे जिवाणू खत आणि ट्रायकोडर्मा ही रोग रोखणारी बुरशी लावल्यावर बियाणे सावलीत पूर्ण सुकवूनच पेटीत भरा. गुळाच्या द्रावणाने ओलसर राहिलेला दाणा रोलरला चिकटतो आणि घरात मापलेले प्रमाण शेतात टिकत नाही. त्यासाठी मापणीही प्रक्रिया केलेल्या, सुकलेल्या बियाण्यानेच करावी. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला उपयोगी पडत नाही. उरलेले पाकीट वापरू नये. दोन्ही पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वेगळे आहेत.

खताची पेटीही बघा. डीएपी हवेतील ओल धरते. खरिपातील उरलेले खत पेटीत राहिले असेल तर त्याचे खडे होतात आणि पत्रा कुजतो. हरभऱ्याला हेक्टरी १२५ किलो डीएपी देतात. ते बियाण्याच्या थेट संपर्कात न येता थोडे बाजूला आणि खाली पडेल अशी खताची नळी बसवा.

वापसा

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट अजून स्पष्ट हवी आहे. यंत्र जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून मापणी करतात हे ठाऊक आहे. पण तेच माप शेतात कितपत खरे ठरते?

मापाडी

अंगणातील माप शेतात थोडे कमी भरते, कारण भुसभुशीत मातीत यंत्राचे चाक फिरण्याऐवजी काही वेळा घसरत जाते. चाक फिरले नाही की रोलर फिरत नाही आणि बियाणे पडत नाही. चाकाचा घेर दोरीने मोजून १२५ सेंमी आला तर २० फेऱ्यांत २५ मीटर व्हायला हवेत. शेतात २५ मीटरवर खुंट्या ठोका, चाकाला चुन्याची खूण करा आणि यंत्र प्रत्यक्ष पेरणीच्या खोलीवर चालवून फेऱ्या मोजा. त्या १९ भरल्या तर जॅकवर १९ फेऱ्या फिरवूनच ५२ ते ५३ ग्रॅम मिळतील असा लिव्हर लावा. प्रत्येक नळीला स्वतंत्र पिशवी बांधा आणि सातही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकूण वजन बरोबर येऊनही एक नळी ७० ग्रॅम आणि दुसरी ३५ ग्रॅम सोडत असेल तर त्या मापणीचा उपयोग नाही.

पिशव्यांतील बियाणे फेकू नका. त्यातील फुटके दाणे वेगळे काढा, आणि दिसायला चांगल्या अशा १०० दाण्यांची ओल्या गोणपाटात उगवण पाहा. शेजारी यंत्रातून न गेलेले १०० दाणेही ठेवा. प्रमाणित हरभऱ्याची किमान उगवण ८५ टक्के असते. दोन गोणपाटांत ठळक फरक दिसला तर यंत्र बियाण्याला आतून इजा करते आहे. ती इजा डोळ्यांना दिसत नाही.

दर्यापूरकर

वापसा भाऊ, आपल्या ‘कृपा’च्या एकराबद्दल एक लक्षात आले का? मापाडींच्या हिशेबाप्रमाणे काबुलीला ४५ सेंमीच अंतर हवे. म्हणजे त्या एकरासाठी फण हलवायचेच नाहीत, फक्त रोलरचा प्रश्न आहे. आधी काबुली पेरा, मग फण जवळ घेऊन ‘विजय’ पेरा. यंत्र एकदाच खोलावे लागेल.

लेथमास्तर

दर्यापूरकरांची सूचना उत्तम आहे. मोठ्या खाचांच्या रोलरचा संच मिळाला तर आधी तो बसवून काबुली, आणि नंतर फण हलवताना मूळ रोलर परत. संच मिळाला नाही तर एका एकरासाठी नवीन यंत्राचा खर्च करू नये. तबकडीचे यंत्र भाड्याने घ्यावे, मात्र तबकडी आपल्या दाण्याला बसते का ते आधी पाहावे.

वापसा

आता चित्र स्पष्ट झाले. माझ्या यंत्राला दोन पट्ट्या आहेत, त्यामुळे ‘विजय’साठी फण मागे-पुढे बसवून ३० सेंमी अंतर घेतो. माझी जमीन मध्यम आणि कोरडवाहू असल्याने कोरडवाहू यांचा मुद्दा मला लागू पडतो. कडेच्या नळ्या नवीन घेतो. ‘कृपा’चे दाणे आधी मूळ रोलरमधून फिरवून पाहीन, गोणपाटात फरक पडला तर ते एकर तबकडीच्या यंत्राने होईल. लेथमास्तर, मोठ्या खाचांचा रोलर मूळ कवचातच बसतो की कवचही बदलावे लागते?

लेथमास्तर

कवच आणि रोलर जोडीनेच बदला. जुन्या कवचात मोठा दाणा पुन्हा तिथेच चेपला जाईल. दुकानात जाताना जुना एक संच सोबत न्या आणि शाफ्टचे माप जुळवून घ्या. चौकोनी व षटकोनी अशा दोन्ही प्रकारचे शाफ्ट बाजारात आहेत.